वरच्या आळीचं पाणी

मेरिट्स फोर्ड, नॉर्थ कॅरोलिना
सप्टेंबर, सोमवार (पाऊस नाही, पण आभाळाचा भरवसा नाही)

तीर्थरूप ओझेलाताईस,
धाकट्या वर्डेलचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझे गुडघे काय म्हणतात? क्लीव्हलंडच्या डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस, की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघतेस? (आई औषधं अशीच घ्यायची. बाटली समोर दिसली की तिला बरं वाटायचं.) तुझ्या भावजयीने, इअरलीननेही नमस्कार सांगितला आहे. म्हणजे तोंडाने सांगितलेला नाही, पण मी तुला पत्र लिहायला बसतोय म्हटल्यावर तिने उठून पेन आणून दिलं. बाबांच्या अंत्यविधीला तुम्हा दोघींची स्वयंपाकघरात जी वादावादी झाली, त्यानंतरच्या नऊ वर्षांत तुझ्या नावाने तिने उचललेली ही पहिली वस्तू. मी तो नमस्कारच धरतो.

आधीच सांगून टाकतो, मी काही मागायला लिहीत नाहीये. आईबाबांच्या घराची खबर तुला द्यावी, एवढाच हेतू. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच "वर्डेल, मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या प्रकरणात मुद्दा फार खोल आहे. जमिनीखाली आठ फूट.

झालं असं, की एप्रिलात मागच्या अंगणात, कोलार्डच्या पालेभाजीच्या वाफ्यापलीकडे, गवताला एक खळी पडली. गालाला पडते तशी, बघायला गोड. घुशीचं काम असेल म्हणून मी पोतंभर माती ओतली आणि पायाने दाबून आलो. पुढच्या पावसानंतर खळी जागेवर आणि माती गायब. पुन्हा ओतली, पुन्हा गायब. मे महिन्यात आमची झाडांना पाणी घालायची लाल बादली त्याच जागी रात्रभर राहिली, सकाळी बादली नाही, आणि खळीचं तोंड बादलीएवढं. ती बादली दोन दिवसांनी शेजारच्या डीकन गॅडींना मिळाली. त्यांच्या अंगणाच्या टोकाशी जिथे पाइप ओढ्यात उघडतो, तिथे ती तरंगत होती. ते ती घेऊन आले आणि म्हणाले, वर्डेल, तुझी बादली माझ्या जमिनीखालून प्रवास करून आली. (डीकन आता ऐंशीला टेकलेत. माउंट निबो चर्चमध्ये अजून पहिल्या बाकावर बसतात आणि पाद्र्याचं प्रवचन लांबलं की घड्याळ कानाला लावून बघतात.)

मग मला तो पाइप आठवला. आठवला कसला म्हणायचं, मी तेव्हा पाळण्यात होतो. तू बघितलंस, आणि तुझ्याच तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की मला ते माझंच वाटतं. वरच्या आळीत, टेकडीवर, गोऱ्या लोकांच्या दारापर्यंत डांबरी रस्ते झाले. डांबरावरचं पाणी कुठेतरी जायला हवं, म्हणून एका सकाळी नगरपालिकेचं पिवळं यंत्र खालच्या आळीत आपल्या अंगणात शिरलं, आईचा वाफा उभा चिरला, आणि माणूस वाकून चालेल एवढा पत्र्याचा पाइप आपल्या आणि गॅडींच्या जमिनीतून ओढ्यापर्यंत पुरून निघून गेलं. बाबा टोपी हातात धरून व्हरांड्यात उभे होते. खणू का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. तो पत्रा आता गंजून चाळणी झालाय. पाऊस आला की टेकडीवरचं सगळं पाणी त्यातून धावतं आणि जाताजाता आपलं अंगण आतून खात जातं.

नगरपालिकेला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, की पाइप खासगी जागेत आहे, म्हणजे तो तुमचा आहे, म्हणजे दुरुस्तीही तुमची. मी म्हटलं, पाइप तुम्ही पुरलात, पाणी तुमच्या रस्त्यावरचं, मग ते खासगी नेमकं कधी होतं? माझं कुंपण ओलांडताना, की त्याच्या जरा आधी? ते म्हणाले, थांबा, विचारून सांगतो, आणि फोनवर पियानोची धून लावून गेले. मी फोन कानाला धरून एका हाताने वालाच्या शेंगा मोडल्या, शिजायला टाकल्या, शिजल्या, इअरलीनने वाढल्या, आणि मी खात असताना एक बाई बोलायला आल्या. मिस रेन्फ्रो, पावसाळी पाण्याच्या खात्यातल्या इंजिनियर. तोंडात घास असल्यामुळे मी पहिल्यांदाच शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यामुळे काम झालं असं इअरलीनचं मत आहे.

मिस रेन्फ्रो आल्या. उंच, चिखलाचे बूट, बोलणं कमी. त्यांनी चाकांवरचा एक कॅमेरा पाइपात सोडला आणि गाडीतल्या पडद्यावर आम्हाला आपल्याच अंगणाचं पोट दाखवलं. ताई, बघवत नव्हतं. पाइपाचा तळ नाहीच. वरचा पत्रा ठिकठिकाणी लोंबतोय, आणि एक पोकळी कोलार्डच्या वाफ्याखालून थेट मागच्या खोलीच्या पायाकडे सरकलेली. इअरलीनने विचारलं, ही काळी जागा कुठली? मिस रेन्फ्रो म्हणाल्या, तुम्ही आत्ता उभ्या आहात तिथली. इअरलीन सावकाश बाजूला झाली आणि त्या दिवसापासून अंगणात पाय टाकण्यापूर्वी काठीने ठोकून बघायला लागली.

पण त्यांनी एक चांगली गोष्टही सांगितली. रस्त्यावरचं पाणी खासगी जागेतून जात असेल आणि घराला धोका असेल, तर नगरपालिका आता आपल्या खर्चाने नवा पाइप घालून देते. तशी योजना आहे, धोक्याप्रमाणे क्रम लागतो आणि आमचा क्रम फार वर आहे. (आयुष्यात कशात तरी वर आलो.) अट एवढीच, की पाइपापर्यंत येण्याजाण्याचा आणि खणण्याचा कायमचा वहिवाटीचा हक्क जमिनीच्या मालकांनी लिहून द्यायचा. पाइप अखंड असल्यामुळे आम्ही द्यायचा आणि डीकननीही द्यायचा. एकाने नाही म्हटलं, की दोघांचं काम थांबलं. मी मनात म्हटलं, डीकन तर घरचेच.

घरचेच निघाले, म्हणूनच अडलं. मिस रेन्फ्रो कागद घेऊन पहिल्यांदा गेल्या तेव्हा डीकनना चष्मा सापडेना. दुसऱ्यांदा त्यांनी बायबलचा अख्खा अध्याय वाचून दाखवला आणि मग झोप आली म्हणाले. तिसऱ्यांदा चहा दिला, केक दिला, नातवंडांचे फोटो दाखवले, आणि त्या गाडीत बसल्यावर हात हलवून, पुन्हा या म्हणाले. जुलै गेला. पाऊस पडला की मी खिडकीशी बसून भगदाडाचा आवाज ऐकायचो. तो आवाज तुला कसा सांगू? बशीतला चहा कोणीतरी दूर बसून ओढतंय, असा. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. इअरलीनने त्यावर कॅलेंडर टांगलं, आणि पंधरवड्यात तडा कॅलेंडरच्या खालून बाहेर आला.

शेवटी मी डीकनकडे गेलो आणि रागावून बोललो. माझ्यापेक्षा एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोललो. म्हटलं, घर जाईल आमचं, तुम्हाला काय हवंय तरी काय? त्यांनी मला आधी खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, "वर्डेल, माझ्या बापाच्या अंगणात यंत्र शिरलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आज पहिल्यांदा नगरपालिका माझ्या दारात येऊन मला काहीतरी विचारतेय. मला ते जरा ऐकत बसू दे."

घरी येऊन इअरलीनला सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं बरोबर आहे, आणि मग भिंतीकडे बघून म्हणाली, पण त्यांनी जरा लवकर ऐकून घ्यावं.

ऑगस्टच्या शेवटी मेक्सिकोच्या आखातातल्या वादळाचं शेपूट इकडे आलं. शनिवार होता. दुपारी चांगलं ऊन होतं म्हणून इअरलीनने चादरी वाळत घातल्या होत्या, आणि बघता बघता आभाळ उतरलं. भगदाडाभोवती नगरपालिकेने नारिंगी जाळी लावली होती, आणि दोरीचा खांब त्या जाळीपासून चांगला लांब होता, म्हणून ती काठी न घेताच धावली. मी मागच्या दारात उभा राहून, राहू दे चादरी, असं म्हणत होतो. शेवटची चादर तिने ओढली आणि ताई, ती दिसेनाशी झाली. आवाज नाही, काही नाही. आधी चादर जमिनीवर पसरलेली दिसली आणि मग चादरीच्या मधोमध तिचं डोकं आणि दोन्ही हात. काखेपर्यंत आत गेली होती. खालून पाइपातलं पाणी गरजत होतं आणि तिचे पाय ओढत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती ओरडली नाही. अगदी हळू, मी झोपलेला असताना बोलते तशा आवाजात म्हणाली, "वर्डेल, धावू नकोस. कड फुटेल."

मी पालथा झालो आणि सरपटत गेलो. पाऊस असा, की डोळे उघडे ठेवता येईनात. माझ्या कोपराखालचं गवत चटईसारखं हलत होतं. तिचा हात हाताला लागला, आणि तेवढ्यात तिच्या छातीजवळची माती ढेकळाढेकळाने आत पडायला लागली. मी डीकनना हाक मारली. ते एका अंत्ययात्रेला निघाले होते, काळा सूट, काळी टोपी. कुंपणातून त्यांनी एकदा बघितलं आणि उलटे घरात गेले. ताई, त्या क्षणी मी त्यांच्याबद्दल जे मनात म्हटलं ते कागदावर लिहीत नाही. पण ते शिडी आणायला गेले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, ती लांब लाकडी शिडी कुंपणावरून ढकलून, मागोमाग स्वतः येऊन त्यांनी या नव्या भगदाडावर आडवी टाकली, आणि सुटासकट तिच्यावर पालथे पडून पुढे सरकले. एकीकडून ते आणि एकीकडून मी. किती वेळ लागला ते मला विचारू नकोस. मी हाताला धरून ओढलं, त्यांनी चादरीला पीळ देऊन ती तिच्या काखेखालून घेतली, आणि ती बाहेर आली. एक बूट पाइपाने ठेवून घेतला. घोटा मोडला होता. तिघेही चिखलात पडून राहिलो. मग डीकन म्हणाले, अंत्यविधी चुकला, मेलेला समजून घेईल.

इस्पितळात मला वाटलं, आता सही होणार. तसं मी सूचकपणे बोलूनही बघितलं. डीकननी ओला बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाले, ते वेगळं, हे वेगळं.

त्यानंतरच्या गुरुवारी मिस रेन्फ्रो पुन्हा आल्या. (मी आणि इअरलीन त्या वेळी योगायोगाने डीकनच्याच व्हरांड्यात होतो.) त्यांचा चेहरा उतरलेला होता. अपघाताची खबर त्यांना लागली होती. त्यांनी कागद काढला आणि पहिल्या कलमापासून वाचायला लागल्या, डीकन डोळे मिटून ऐकायला लागले, आणि मला दिसलं की हा आठवडाही केक खाण्यात जाणार. तेव्हा इअरलीन, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून, म्हणाली, "बाई, कागद खाली ठेवा. आणि त्यांना विचारा."

मिस रेन्फ्रोना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्यांनी कागद बाकावर ठेवला, उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "गॅडीसाहेब, आम्ही तुमच्या जमिनीत येऊ का?"

डीकननी डोळे उघडले. ते अंगणाकडे वळले. मग म्हणाले, "कोणी विचारलं असतं, तर माझे वडील नाही म्हणाले असते. त्यांचं राहून गेलेलं मी आधी म्हणून घेतो. नाही." एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि म्हणाले, "आता माझं. हो. या." आणि सही केली. चष्मा खिशातच होता.

तर अशी इकडची हकिगत. इअरलीनचा घोटा जुळतोय. कागदपत्रांची एक किरकोळ बाब राहिली आहे, ती होईल. तू आपल्या तब्येतीला जप, पायऱ्या उतरताना कठडा धर, आणि ते मलम खरंच लाव. तुला कसलीही तोशीस द्यायचा माझा विचार नाही, हे पुन्हा लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
वर्डेल

ता. क. ती किरकोळ बाब अशी. नगरपालिकेने दप्तर उघडलं तेव्हा घर आणि जमीन अजून बाबांच्याच नावावर निघाली. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही (बाबांनी कधी किराण्याची यादीसुद्धा केली नाही), म्हणून कायद्याने आपण दोघेही वारस, आणि वाफा, भगदाड, पाइप, सगळं अर्धं तुझं आहे. तुझ्या सहीशिवाय ते फावडं लावणार नाहीत. कागद याच पाकिटात आहे, पिवळी चिठ्ठी लावली आहे तिथे नोटरीसमोर सही करायची. महिनाअखेर नगरपालिकेची बैठक आहे. ती चुकली, की आम्ही पुढच्या वर्षाच्या यादीत, आणि आखातात आणखी एक वादळ धरतंय. घर बुडालं तरी परत पाय ठेवणार नाही, असं तू बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी म्हणाली होतीस, ते मी विसरलो नाही. यंत्र आलं तेव्हा तू व्हरांड्यात होतीस, मी नव्हतो, तेही विसरलो नाही. मिस रेन्फ्रो तुला फोन करून तोंडाने विचारायला तयार आहेत. काही मागत नाही असं वर दोनदा लिहिलंय, ते खोडलं असतं, पण पान खराब दिसेल.

ता. क. २. उत्तर आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, डीकन गॅडींच्या पत्त्यावर पाठव. अपघातानंतरच्या सोमवारी नगरपालिकेचे इमारतीवाले आले, मागची खोली बघितली, आणि दारावर लाल कागद चिकटवून गेले. आत राहायला मनाई आहे. तेव्हापासून आम्ही डीकनच्या पुढच्या खोलीत आहोत. वर 'योगायोगाने' लिहिलंय ते तेवढं तसं नव्हतं. बाकी खुशाल.

ओझेलाताई, इथून पुढे इअरलीन लिहितेय. वर्डेल टपालाची तिकिटं आणायला गेलाय, तेवढ्यात उरकते.

'हाताला धरून ओढलं' असं त्याने लिहिलंय. तो माझ्या डोक्यावर पडला. डीकननी आधी त्याला बाजूला केलं, मग मला काढलं.

दुसरं. परवा मला चर्चच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला तुमची सही सापडली. एक नाही, पानभर. शेवटच्या शेवटच्या तर इतक्या हुबेहूब होत्या, की तुम्हीसुद्धा फसला असता. मी काही बोलले नाही. पत्रक चुलीत घातलं आणि त्याला पेन आणून दिलं, म्हटलं, पत्र लिही. रागावू नका त्याच्यावर. रात्री आभाळ वाजलं की तो उठून कुंपणापाशी जातो आणि रिकाम्या घराकडे बघत उभा राहतो. पण तुमची सही तुमची आहे. तुम्हाला न विचारता ती कोणी घ्यायची नाही, तुमच्या भावानेही नाही.

स्वयंपाकघरात मी तुम्हाला जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. तुमच्या बटाट्याच्या सॅलडबद्दलचं नाही. त्यात साखर होतीच. पण घराबद्दल तुम्हाला बोलायचा हक्क नाही असं मी म्हणाले होते, ते चूक होतं. आता सरकारी शिक्क्यानिशी कळलंय.

म्हणून विचारते. ओझेलाताई, कराल का सही? नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा, पण आम्हाला इथे येऊन तोंडावर सांगितलंत तर जास्त बरं. डीकनच्या घरात आणखी एक खोली आहे. ते घोरतात, भिंत पातळ आहे, आणि मी सॅलड करणार नाही. ते तुम्हीच करा.

इअरलीन

(पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने)

ताई, मी तिकिटं घेऊन आलो तेव्हा तिने पाकीट चिकटवून टाकलं होतं. आत काय लिहिलंय ते सांगत नाही. पण मी खिडकीतून बघितलं, लिहिताना ती दोनदा हसली. सहीचं तुझं तू बघ. ती कशाला हसली तेवढं मला कळव.